शनिवारची माणसं

लंडनमधल्या नायजेरियन लग्नाचं आमंत्रण आलं की त्यात हॉलच्या पत्त्याआधी कापडाचा भाव असतो. मुलीकडच्यांनी हिरवी लेस घ्यायची, मुलाकडच्यांनी जांभळी. पाच वारांचे इतके पौंड, डोक्याला बांधायच्या कापडाचे वेगळे, पैसे अमुक तारखेच्या आत अमुक खात्यात. या प्रथेला योरुबा लोक ‘आसो एबी’ म्हणतात. मुळात ही घरच्या माणसांनी कार्यात एकसारखं कापड नेसण्याची रीत. आता तिच्यात मैत्रिणी, कामावरचे सहकारी, चर्चमधली मंडळी आणि माझ्यासारखी खालच्या मजल्यावरची मराठी बाईसुद्धा येते. सक्ती कुणी करत नाही. ज्यांनी कापड घेतलं नाही त्यांना मागचं टेबल मिळतं, जेवण त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतं, आणि निघताना हातात वाण पडेलच असं नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेवढं पुरतं.

मी राहते पेकमला, लंडनच्या दक्षिण-पूर्व भागात. लोक गमतीनं त्याला छोटं लागोस म्हणतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये नायजेरियात जन्मलेले सुमारे 2 लाख 70 हजार लोक नोंदले गेले. त्यांतले निम्मे तरी शनिवारी सकाळी आमच्या राय लेनवर असावेत, असं तिथून पिशव्या घेऊन चालताना वाटतं. कोनफळाच्या जातीतले हाताएवढे लांब याम, सुकी मासळी, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बुटक्या मिरच्या, वेण्या घालायच्या केसांची पाकिटं, गावी पैसे पाठवायची खिडकी. आणि कापडाची दुकानं. माझ्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. सगळी इमारत त्यांना आँटी म्हणते, मीही म्हणते. या सगळ्यात मला ओढलं त्यांनीच. आँटी इजेबू भागातल्या. इजेबूच्या माणसांना पार्टीचं वेड जरा जास्तच, असं बाकीचे योरुबा सांगतात आणि आँटी ते कधीच नाकारत नाहीत.

इथंच एक सांगून टाकते. नायजेरियात वीस कोटींच्या वर माणसं आणि काही शे भाषा आहेत. मी नायजेरियन म्हणून जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं योरुबा आहे, कारण लंडनमध्ये त्यांचाच बोलबाला. इग्बो वाचकानं हे वाचलं तर तो दर दुसऱ्या ओळीला हरकत घेईल, आणि हौसा माणूस बहुधा वाचणारच नाही.

कापडाकडे परत येते, कारण त्यात मोठी गंमत आहे. पार्टीत मिरवणारी ती भरजरी लेस येते ऑस्ट्रियातून. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या लुस्टेनाऊ गावातले भरतकामाचे कारखाने 1960 च्या दशकापासून नायजेरियन गिऱ्हाइकासाठी चालत आले आहेत. जगभर ‘आफ्रिकन’ म्हणून ओळखलं जाणारं ठसठशीत छापाचं ‘वॅक्स’ कापड घडलं नेदरलँड्समध्ये, इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल करताना. 1846 साली हेल्मंड गावात सुरू झालेली छपाईची गिरणी आजही ते छापते. आणि इग्बो बायका व नायजर नदीच्या मुखाकडचे लोक मानानं नेसतात ते ‘जॉर्ज’ म्हणजे आपलं मद्रासी कापड, सेंट जॉर्ज किल्ल्याचं नाव घेऊन गेलेलं. नायजरच्या मुखाकडचेच कालाबारी लोक घरातल्या वृद्धाच्या मृत्यूनंतर त्याची खोली आणि पलंग भारतीय चौकड्यांच्या कापडांनी सजवतात. आँटींनी पहिल्यांदा माझ्या हातात जॉर्जचा तुकडा ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, “हे तुमच्याकडचं. पण नेसायचं कसं ते आमच्याकडून शिक.” आमच्या घरी हातमागाच्या साड्यांचा अभिमान बाळगताना आम्ही दहा वेळा मूळ कोणतं, अस्सल कोणतं ते तपासतो. आँटींना त्यात रस नाही. जे त्यांनी मानानं अंगावर घेतलं ते त्यांचं.

पार्टी सातची असेल तर साडेआठपर्यंत हॉलमध्ये फक्त खुर्च्या असतात. साडेनऊला यजमान येतात. दहाच्या सुमारास ‘गेले’ बांधलेल्या बायकांचे जथे आत शिरू लागतात. हे कडक कापड डोक्यावर चुण्याचुण्यांनी उभं करायचं काम आता पैसे देऊन कसबी बाईकडून करून घेतात, आणि त्याच्या उंचीमुळे मागच्या रांगेतल्याला नवरा-नवरी दिसत नाहीत. पारंपरिक विवाहात नवरा आणि त्याचे मित्र मुलीच्या आई-वडिलांपुढे जमिनीवर चक्क पालथे पडून नमस्कार करतात. नवरा इंग्रज असला तरी सुटका नाही. मी एका गोऱ्या मुलाला नवा कोरा अग्बाडा झगा सावरत गालिच्यावर लोटांगण घालताना पाहिलं आहे. विधी चालवणाऱ्या बाईनं त्याला तीनदा उठवून पुन्हा आडवं केलं, कारण कोपर टेकलं नव्हतं. त्याचे आई-वडील आधी गोंधळले. तासाभरानं त्याची आई नाचत होती आणि तिच्या कपाळावर कुणीतरी पाच पौंडांची नोट चिकटवली होती.

नोटा उधळणं हा या पार्टीचा कळस. ढोलकऱ्याला माणसं ओळखता यावी लागतात. तो पाहुण्याजवळ येतो, काखेत दाबून सूर चढ-उतार करता येणाऱ्या ढोलावर त्याच्या घराण्याची स्तुती वाजवतो, आणि पाहुणा खिशातून एकेक नोट काढत नाचणाऱ्याच्या अंगावर लावत जातो. घाई करायची नाही. गठ्ठा एकदम टाकणं असभ्य. खाली पडलेल्या नोटा गोळा करायला घरातलीच भरवशाची मावशी पिशवी घेऊन वाकलेली असते. अमेरिकेतले नायजेरियन त्यासाठी एक डॉलरच्या नोटांची बंडलं आणून ठेवतात. गंमत म्हणजे खुद्द नायजेरियात हा गुन्हा आहे. 2007 च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यानुसार समारंभात नायरा उधळला किंवा त्यावर नाचलं तर कैद होऊ शकते, आणि 2024 साली काही प्रसिद्ध चेहऱ्यांना शिक्षा झालीही. म्हणजे ही नायजेरियन रीत आज निर्धास्तपणे पाळायची तर परदेशातच.

जेवणात जोलोफ भात. तांदूळ, टोमॅटो, लाल मिरची, थाइम, तमालपत्र, मॅगीची वडी, आणि डब्यातली करी पावडर. ही पावडर साहेबानं तिकडे नेली आणि तिथंच ठेवून आला. भारतीय म्हणून कोणती चांगली ते मला नेहमी विचारतात, आणि मी कोणतंही नाव सांगते. पार्टीचा जोलोफ तळाशी थोडा लागलेलाच हवा. चुलीवरच्या धुराची ती चव गॅसवर आणायला इथले आचारी मुद्दाम भात धरू देतात. हा पदार्थ मुळात सेनेगलच्या वोलोफ लोकांचा, हे नावातच आहे. पण घानाचा जोलोफ चांगला की नायजेरियाचा या वादात सेनेगलला कुणी बोलूही देत नाही.

हा सगळा थाट पाहून आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा म्हणतो: काय हा दिखाऊपणा! माझी बहीण आली होती, ती म्हणालीच. मला तसं वाटत नाही. का, ते कळायला याच लोकांचा सोमवार ते शुक्रवार पाहावा लागतो.

आमच्या भागात पहाटेच्या बसमध्ये बसलेल्या बायकांत कितीतरी नायजेरियन असतात. कुणी वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून येत असते, कुणी इस्पितळातल्या दिवसपाळीला निघालेली असते. कार्यालयं झाडणारे, पार्किंगवर पहारा देणारे, टॅक्सी हाकणारे. त्यांच्यात गावी शाळामास्तर असलेले आहेत, बँकेत असलेले आहेत. आठवडाभर त्यांना पहिल्या नावानं हाक मारली जाते, तीही मोडून तोडून, कारण पूर्ण नाव साहेबाच्या जिभेला जड. पन्नाशीच्या माणसाला विशीतला मुकादम नुसत्या नावानं बोलावतो. योरुबा माणसाला हे किती लागतं याची इंग्रजांना कल्पना नसते. त्यांच्यात मोठ्याला नावानं हाक मारणं नाही. मुलगा दंडवत घालतो, मुलगी गुडघे टेकते, डाव्या हातानं वस्तू द्यायची नाही, आणि जिन्यात भेटलेल्याची झोप, काम, आई असं सगळं विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि मग शनिवारी तोच पहारेकरी हॉलमध्ये शिरतो तेव्हा ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव येतं: चीफ अमुक. त्याच्या टेबलावर एक डॉक्टर, एक बॅरिस्टर, एक इंजिनिअर. होय, नायजेरियन माणूस इंजिनिअर ही पदवीसुद्धा नावाआधी लावतो, आणि पत्रिकेवर ती गाळली तर रुसतो. दागिने, ढोल, नोटा हे सगळं मिळून त्या खोलीतल्या तीनशे माणसांना आठवण करून दिली जाते की हा कोण, कुणाचा मुलगा. बाहेरच्या देशाला ते ठाऊक नाही, आणि त्यानं विचारलेलंही नाही.

याची मुळं जुनी आहेत. 1 ऑक्टोबर 1960 ला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे जे तरुण इथं आले ते राहायला आले नव्हते. कायदा, लेखाशास्त्र, अभियांत्रिकी शिकायचं आणि परत जाऊन नवा देश चालवायचा, असा बेत. दिवसा वर्ग, रात्री टपाल खात्यात किंवा कारखान्यात काम. अशात मूल झालं की सांभाळणार कोण? मग 1950 च्या दशकापासून बालसंगोपनाच्या मासिकात जाहिराती देऊन ही जोडपी आपली मुलं केंट-ससेक्सच्या गोऱ्या कुटुंबांत पैसे देऊन ठेवू लागली. अशी हजारो मुलं वाढली. काहींना माया मिळाली, काहींना स्वतःच्या रंगाची लाज. अभिनेते अडेवाले अकिनुए-अगबाजे यांनी या आयुष्यावर ‘फार्मिंग’ नावाचा चित्रपट काढला आहे. लेखिका बुची एमेचेटा 1962 मध्ये लंडनला आल्या. नवऱ्यानं त्यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित जाळलं; त्या पाच मुलांना घेऊन बाहेर पडल्या, नोकरी करत समाजशास्त्राची पदवी घेतली, आणि 1974 मध्ये ‘सेकंड-क्लास सिटिझन’ लिहिली. काळ्या माणसाला खोली नाकारणाऱ्या पाट्यांचं लंडन त्यात आहे. आपल्याच शिकलेल्या देशबांधवांनी मुलं दूर ठेवायचा धरलेला आग्रहही आहे. एमेचेटा इग्बो, पण आँटींच्या कपाटात त्यांचं पुस्तक आहे.

मग तिकडे यादवी युद्ध झालं, तेलाचा पैसा आला आणि गेला, लष्करी राजवटी आल्या. 1980 च्या दशकात बुहारी यांच्या लष्करी राजवटीच्या काळात सरकारी दूरदर्शनवर एक जाहिरात लागायची. अँड्र्यू नावाचा तरुण रस्ते, वीज, पाणी यांना वैतागून सामान बांधून देश सोडायला निघतो, आणि त्याला थांबवलं जातं. त्या वयाचा कुठलाही नायजेरियन अँड्र्यूचं नाव काढलं की हसतो, कारण तो जाहिरातीतला सल्ला न ऐकताच इथं आलेला असतो. अँड्र्यू झालेले नट एनेबेली एलेबुवा 2012 साली उपचारासाठी भारतात आले आणि भारतातच वारले. बुहारी पुढे निवडून येऊन अध्यक्ष झाले. ते 2025 मध्ये लंडनमध्ये वारले.

पैशाच्या बाबतीत या लोकांची शिस्त पाहण्यासारखी. भिशी आहे, तिला ते ‘अजो’ किंवा ‘एसुसु’ म्हणतात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती कॅरिबियन बेटांवर गेली आणि तिथं आजही ‘सुसु’ नावानं चालते. आँटींच्या भिशीवर घराचं पहिलं डिपॉझिट निघालं. कागद नाही, सही नाही, बुडवलं कुणी नाही. नायजेरियात दरवर्षी बाहेरून सुमारे 20 अब्ज डॉलर येतात, म्हणजे फोन येतच असतात: भाच्याची फी, काकांचं ऑपरेशन, गावच्या विहिरीचा पंप. इग्बो माणूस तर गावी घर बांधल्याशिवाय स्वतःला माणूस समजत नाही. ते वर्षभर बंद असतं, नाताळात उघडतं. मेल्यावर देह त्याच अंगणात पुरायला नेतात आणि त्याचा खर्च गाववाल्यांची संघटना वर्गणी काढून करते. नाताळात लागोसला उतरणाऱ्या या मंडळींची तिथं चेष्टाही होते. बदललेले उच्चार, घामाची तक्रार, आणि प्रत्येक टॅक्सीवाला त्यांच्याकडून तिप्पट घेतो.

मुलांच्या शिक्षणाबद्दल काय लिहू! वर्गात दुसरा आलेल्या मुलाला नायजेरियन घरात विचारतात, “पहिला आला त्याला काय दोन डोकी आहेत?” हा प्रश्न मी भिंतीपलीकडून ऐकला आहे. अमेरिकेत तर नायजेरियातून आलेल्या प्रौढांपैकी साठेक टक्के पदवीधर आहेत, म्हणजे तिथल्या सर्वसाधारण प्रमाणाच्या बरेच पुढे. या आग्रहामागे हौस आहे तशी भीतीही आहे. नोव्हेंबर 2000 मध्ये डामिलोला टेलर हा दहा वर्षांचा मुलगा आमच्याच पेकममध्ये एका इमारतीच्या जिन्यात मांडीला जखम होऊन रक्तस्रावानं मेला. लागोसहून येऊन त्याला काही महिनेच झाले होते. त्या जिन्याची गोष्ट इथल्या प्रत्येक आईला पाठ आहे. मुलगा बारा-तेराचा झाला, संगत बिघडते असं वाटलं, की काही पालक त्याला सरळ नायजेरियातल्या वसतिगृहाच्या शाळेत धाडतात. इंग्रज समाजसेवकांना हे उलटं वाटतं. आँटींनी धाकट्याला धाडलं होतं. तो आज औषधनिर्माता आहे आणि आईशी या विषयावर अजूनही बोलत नाही. दोघंही बरोबर असतील.

चर्चबद्दल थोडक्यात. रोहॅम्प्टन विद्यापीठानं 2013 साली आमच्या सदर्क बरोमध्ये काळ्या लोकांची बहुसंख्या असलेली 240 चर्चं मोजली. गोदामात, बिंगो हॉलमध्ये, गॅरेजच्या वर. सगळी नायजेरियन नव्हेत, पण लागोसला 1952 मध्ये निघालेल्या रिडीम्ड चर्चच्या पाट्या दर वळणावर आहेत. मुसलमान योरुबांनी ओल्ड केंट रोडवर एका जुन्या पबमध्ये मशीद सुरू केली. आँटींच्या घरात दोन्ही धर्म आहेत. त्यांचा मोठा भाऊ हाजी आहे आणि ईस्टरला जेवायला येतो.

आता आमच्याकडची गोष्ट. माझी मावशी नालासोपाऱ्याला राहते. मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटमधून तयार कपडे घाऊक घेऊन लागोसला मालवाहू जहाजानं पाठवणारे नायजेरियन व्यापारी त्या बाजूला राहतात, कारण मुंबईत त्यांना घर मिळत नाही आणि तिथंही सहज मिळत नाही. त्यांतले काही अमली पदार्थांच्या धंद्यात पकडले जातात. परदेशात नायजेरियन म्हटलं की लोकांना ईमेलवरची फसवणूक आठवते, तिला त्यांच्या फौजदारी कायद्याच्या कलमावरून ‘चारशे एकोणीस’ म्हणतात. आँटी कुठल्याही बँकेत आपला देश सांगताना आवाज किंचित चढवतात, तो याचसाठी. ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला मृतदेह ठेवून राष्ट्रीय महामार्ग अडवला. एका मंत्र्यानं त्यांना कर्करोग म्हटलं आणि नंतर खेद व्यक्त केला. त्याआधी कित्येक वर्षं त्याच गोव्यात धेंपो फुटबॉल क्लबसाठी रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्ससाठी ओडाफा ओकोली हे नायजेरियन गोल करत होते, आणि फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांच्या नावानं आरोळ्या उठत होत्या.

महामार्ग अडवल्याचा राग आपल्याला का आला, हे मी बरेचदा स्वतःला विचारते. परक्या देशात आपला माणूस मारला गेला तर आपण वकिलातीला पत्र लिहितो, मंडळाच्या सभेत दोन मिनिटं उभे राहतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं, पण गप्प आणि नीटनेटकं राहणं हाच आमचा इथला लौकिक. नायजेरियन माणूस स्वतःला लहान करून जागा मिळवायला तयार नसतो. तो हॉलमध्ये जसा मोठ्यानं हजर असतो तसाच रस्त्यावरही. पेकममध्ये याच गुणाला आता नगरपालिका संस्कृती म्हणते. फुटबॉलपटू बुकायो साका, अभिनेता जॉन बोयेगा, मुष्टियोद्धा अँथनी जोशुआ ही लंडन परिसरातल्या अशाच नायजेरियन घरांतली पोरं. 2023 मध्ये नायजेरियाच्या बर्ना बॉयनं लंडन स्टेडियम भरवलं, ब्रिटनमध्ये स्टेडियम गाजवणारा पहिला आफ्रिकी गायक म्हणून. ज्या पार्ट्यांत या पिढीनं लहानपणी खुर्च्या जोडून झोपा काढल्या, तशाच पार्ट्यांची आता ती तिकिटं विकते.

मावशीच्या सोसायटीनं गेल्या वर्षी ठराव केला: आफ्रिकन भाडेकरू नकोत. मी कारण विचारलं. गुन्ह्याचं नाव कुणी घेतलं नाही, कारण त्या इमारतीत तसं काही घडलेलंच नव्हतं. कारण सांगितलं ते असं, की ते लोक मोठ्यानं बोलतात, गाणी लावतात आणि रात्री उशिरापर्यंत जागतात. गुन्हेगाराला पोलिसांनी धरावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण सण-उत्सवाच्या नावाखाली वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकर लावायची सूट कायद्यानं घेणाऱ्या राज्यातल्या माणसांनी कुणालाही आवाजाच्या कारणावरून घर नाकारू नये.